प्रत, पिढी आणि पुष्पिका : ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे

मूळ संहिता हाती नाही, तिच्या प्रतींच्या प्रती तेवढ्या उपलब्ध आहेत, आणि त्यांतील दोष ताडून पाहूनच त्यांचा वंशवृक्ष मांडावयाचा, ही पद्धत आपल्या विद्यार्थ्यांना नवी नाही. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४१ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतीय पाठचिकित्सेची तत्त्वे मांडली; भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम तर त्याआधीपासूनच चालू होते. तथापि ही सर्व विद्या भूतकाळाची आहे, छापखाना आला आणि हाताने प्रती करण्याची परंपरा संपली, अशी आपली एक समजूत असते. प्रस्तुत लेखाचा विषय या समजुतीला छेद देणारा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही ध्वनिमुद्रिकांचा व्यापार जेथे सर्वांत भरभराटीला आला होता त्या अमेरिकेत, एका वाद्यवृंदाच्या श्रोत्यांनी गावोगाव हिंडून त्याचे जलसे स्वतः मुद्रित केले, त्यांच्या प्रती केल्या, प्रतींच्या प्रती केल्या, आणि त्या ओघात एक पाठचिकित्साही घडविली. ही चिकित्सा कोणा विद्यापीठाने त्यांना शिकविली नव्हती; ती गरजेतून निर्माण झाली. तिचे स्वरूप काय होते, आणि प्रतींच्या प्रवासामुळे कोणता जलसा थोर ठरला व कोणता विस्मृतीत गेला, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम पूर्वपीठिका. हौशी ध्वनिमुद्रण हे यंत्राइतकेच जुने आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा या नाट्यगृहाचे ग्रंथपाल लायोनेल मॅपल्सन यांनी १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या यंत्रावर चालू प्रयोगांतील गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली. आरंभी प्रॉम्प्टरच्या खोक्यातून, पुढे रंगमंचावरील उंच माळ्यावरून. प्रत्येक नळकांड्यावर जेमतेम दोन मिनिटे मावत. आवाज क्षीण, खरखर अफाट. परंतु ज्याँ द रेश्के या त्या काळच्या विख्यात गायकाचा आवाज आज ऐकावयाचा तर याच नळकांड्यांकडे जावे लागते. मॅपल्सन नाट्यगृहाचा नोकर असल्यामुळे त्यास प्रवासाची यातायात नव्हती. दुसरे उदाहरण डीन बेनेडेटी या सॅक्सोफोनवादकाचे. चार्ली पार्कर या जाझवादकाच्या वादनाने झपाटलेल्या या गृहस्थाने १९४७ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस येथे आणि १९४८ साली न्यूयॉर्क येथे पार्करचे वादन मुद्रित केले, तेही फक्त पार्करचेच. इतर वादकांची पाळी आली की यंत्र बंद. बेनेडेटी १९५७ साली वारला. त्याच्यामागे आख्यायिका उरली की हा मनुष्य तारेवर मुद्रण करणारे यंत्र घेऊन पार्करच्या पाठोपाठ अवघा देश फिरला. पुढे मुद्रणे हाती आली व १९९० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसून आले की तार कोठेच नव्हती; तबकड्या होत्या आणि कागदी पाठीच्या फिती होत्या, आणि स्थळेही मोजकीच होती. आख्यायिकेला दस्तऐवजाने दुरुस्त करावे, असा हा नमुना इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मॅपल्सन व बेनेडेटी हे एकटे होते. त्यांच्या मुद्रणांच्या प्रती फिरल्या नाहीत, आणि प्रती फिरल्यावाचून परंपरा होत नाही. परंपरा उभी राहिली ती ग्रेटफुल डेड या वृंदाभोवती. कॅलिफोर्नियात १९६५ साली स्थापन झालेल्या या वृंदाने जेरी गार्सिया या प्रमुख गिटारवादकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९५ पर्यंत, सुमारे २,३०० जलसे केले. संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की यांतील कोणतेही दोन जलसे सारखे नव्हते. कोणती गाणी, कोणत्या क्रमाने व किती वेळ वाजवावयाची हे आगाऊ ठरविलेले नसे. ‘डार्क स्टार’ या रचनेचे उदाहरण बोलके आहे. १९६८ साली निघालेल्या छोट्या तबकडीवर ती तीन मिनिटांच्या आत संपते. १९६९ सालच्या ‘लाइव्ह/डेड’ या संग्रहात तीच सुमारे तेवीस मिनिटे चालते. या दोहोंपैकी ‘डार्क स्टार’ कोणती? भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तबकडी ही व्यवस्थेचा एक सांगाडा होय आणि प्रत्येक जलसा हे त्या व्यवस्थेतून निघालेले स्वतंत्र उच्चारण होय. उच्चारण एकदाच घडते. आपल्याकडील ख्यालाच्या श्रोत्याला हे समजावून सांगावयास नको. यमन हा राग छापील स्वरलिपीत आहे असे तो कधीच म्हणणार नाही. वृंदातील तालवादक मिकी हार्ट याने उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालविद्येपासून प्रेरणा घेतली होती व पुढे मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर १९७६ साली ‘डिगा ऱ्हिदम बँड’ या नावाने मुद्रणही केले. अकरा मात्रांवर बांधलेली त्यांची एक रचना ‘दि इलेव्हन’ याच नावाने ओळखली जाते. या संबंधाला फार ताणू नये. श्रोत्यांच्या वृत्तीतील साम्य मात्र खरे आहे.

प्रत्येक रात्र वेगळी असल्यामुळे एका रात्रीवर समाधान होईना. १९७१ सालच्या संग्रहाच्या वेष्टनावर चाहत्यांनी आपली नावे व पत्ते कळवावेत असे आवाहन छापलेले होते. त्यातून टपालाची एक मोठी यादी तयार झाली आणि ‘डेडहेड’ या नावाचा समाज दृश्य झाला. हे लोक जुन्या मोटारगाड्यांतून वृंदाच्या दौऱ्याबरोबर गावामागून गाव पालथे घालीत. सभागृहाबाहेरच्या वाहनतळावर खाद्यपदार्थ आणि रंगीत सदरे विकून पुढच्या गावापर्यंतच्या इंधनाची सोय करीत. १९७८ च्या सप्टेंबरात वृंदाने गीझाच्या पिरॅमिडांपाशी जलसे केले, तेव्हा काहींनी तेथवर मजल मारली. यांतच यंत्रे घेऊन हिंडणारा एक लहान वर्ग होता. इंग्रजीत त्याला ‘टेपर’ म्हणतात. ‘ध्वनिमुद्रक’ म्हटले तर पगारी तंत्रज्ञ डोळ्यांपुढे येतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘फीतकरी’ असा शब्द वापरण्याची मोकळीक मी घेत आहे. वारकरी, माळकरी, टाळकरी या शब्दांतील ‘-करी’ हा प्रत्यय एखादी गोष्ट नित्यनेमाने वाहणाऱ्या वा आचरणाऱ्या माणसाचा बोध करून देतो, आणि येथे तोच अर्थ अभिप्रेत आहे.

फीतकऱ्याचे काम कष्टाचे होते. आरंभीच्या काळात यंत्र कपड्यांत, पिशव्यांत लपवून आत न्यावे लागे. पुढे सोनी कंपनीची टी.सी.-१५२ आणि त्यानंतरची टी.सी.-डी५ ही खांद्यावर अडकविता येणारी कॅसेट-यंत्रे या वर्गाची आवडती झाली. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूस पंचेचाळीस मिनिटे. ती संपण्यापूर्वी दोन गाण्यांमधली फट साधून बाजू बदलावयाची. परंतु हा वृंद एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता शिरे, त्यामुळे फट मिळत नसे आणि बाजू बदलताना संगीताचा तुकडा गळे. हस्तलिखितात पान गहाळ व्हावे तसा हा खंड होय, आणि चिकित्सकाला त्याचा उपयोगही तसाच. दोन कॅसेटींत नेमक्या एकाच जागी तुकडा गळलेला असेल तर दोन्ही एकाच मुळापासून निघाल्या आहेत, असे फीतकरी अनुमान करीत. समान दोषावरून समान पूर्वज, हे आपल्या शास्त्रातील पहिले सूत्र त्यांनी पुस्तक न उघडता गाठले.

आता प्रतींचा प्रश्न. कॅसेटवरून कॅसेट उतरविताना दर वेळी थोडी घरघर वाढते व वरचे सूर मंदावतात; यंत्राची गती किंचित चुकली तर अवघी पट्टी वर वा खाली सरकते. म्हणून एखादी कॅसेट मुळापासून कितव्या ‘पिढी’ची आहे हा पहिला प्रश्न ठरला. पिढी हाच शब्द इंग्रजीतही रूढ आहे. मराठीत एक योगायोग मौजेचा आहे: ‘प्रत’ या शब्दाने आपण नक्कलही दाखवितो आणि दर्जाही. ‘उत्तम प्रतीची प्रत’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यात द्विरुक्ती जाणवत नाही. फीतकऱ्यांच्या व्यवहारात हे दोन अर्थ खरोखरीच एक झाले होते. प्रत कितवी हे कळले की तिची प्रत काय हे कळे.

या भीतीतून दोन रूढी निघाल्या. एक म्हणजे देवाणघेवाण. ब्रुकलिन येथील लेस किपेल याने १९७० च्या दशकाच्या आरंभी फितींच्या मोफत विनिमयाचे एक मंडळ सुरू केले, आणि १९७४ साली त्यातूनच ‘डेड रेलिक्स’ हे नियतकालिक निघाले. फीत विकावयाची नाही हा कडक दंडक होता. ज्याच्यापाशी बदल्यात देण्यासारखे काहीच नसे अशा नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवावा, आणि जुन्याने वेळ काढून त्या भरून द्याव्यात, अशी रीत पडली. दुसरी रूढी अधिक लक्षणीय आहे. उत्तम मुद्रण हाती आले की त्याचा ‘वृक्ष’ योजावयाचा: मूळ एकाकडे, त्याने ठराविक शाखांना प्रती द्यावयाच्या, शाखांनी पानांना. मूळ, शाखा, पान हे शब्द त्यांचेच. आपण पाठचिकित्सक वंशवृक्ष मागाहून, अंदाजाने, हयात प्रतींवरून उभा करतो. या लोकांनी तो आधी कागदावर आखला आणि मग त्याबरहुकूम प्रती केल्या. प्रत्येकापर्यंत कमीत कमी पिढ्यांत प्रत पोचावी हा हेतू. हस्तलिखितांच्या इतिहासात असा पूर्वनियोजित वृक्ष माझ्या पाहण्यात नाही.

वृंदाचे धोरण काय होते? व्यापारी चाचेगिरीचा धसका मुद्रिका-कंपन्यांनी घेतलेला होता. बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही चोरटी तबकडी १९६९ साली निघाली होती, आणि १९७२ च्या फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेच्या संघीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला स्वामित्वहक्काचे संरक्षणच नव्हते. ग्रेटफुल डेडने मात्र फीतकऱ्यांकडे बहुतांशी काणाडोळा केला. १९८० नंतर त्यांची संख्या वाढली. उंच दांड्यांवर लावलेल्या मायक्रोफोनांचे एक रानच ध्वनिनियंत्रकाच्या टेबलापुढे उभे राहू लागले. मागच्यांना रंगमंच दिसेना, आणि आपल्या मुद्रणात शिट्ट्या येऊ नयेत म्हणून शेजाऱ्यांना दटावणारे फीतकरीही निघाले. त्यांचे हे वागणे काही स्तुत्य म्हणता येत नाही. अखेर २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली येथील जलशापासून ध्वनिनियंत्रकाच्या मागे फीतकऱ्यांसाठी स्वतंत्र जागा राखून तिची वेगळी तिकिटे देण्यास सुरुवात झाली. चोरून होणारे काम उघड झाले, आणि कोण, कोठे, कोणत्या यंत्राने मुद्रण करीत आहे हे नोंदविण्यास आडकाठी उरली नाही.

या नोंदींची एक लेखनपद्धती तयार झाली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास त्यातच खरा रस वाटावा. जलशाची तारीख, गाव, सभागृह. त्यानंतर मुद्रण सभागृहात मायक्रोफोनने केलेले की ध्वनिनियंत्रकाच्या फलकावरून थेट घेतलेले, याचे तीन अक्षरी संकेत. आणि त्यानंतर मायक्रोफोनपासून हातातील प्रतीपर्यंतच्या सर्व यंत्रांची साखळी, प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये एक बाणासारखे चिन्ह. याच चिन्हाने एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात न थांबता झालेला प्रवेशही दाखविला जातो, म्हणजे संगीताचा ओघ आणि प्रतीचा ओघ यांना एकच खूण. गळलेले तुकडे, दुसऱ्या मुद्रणातून जोडलेली ठिगळे, केलेली गतीची दुरुस्ती हेही त्यात येते. १९९८ साली इ-ट्री या नावाने आंतरजालावरील विनिमय सुरू झाला आणि २००२ पासून इंटरनेट आर्काइव्हने जिवंत संगीताचा संग्रह उघडला, तेव्हा ही नोंद मजकुराच्या वेगळ्या धारिकेच्या रूपाने प्रत्येक मुद्रणाबरोबर अनिवार्यपणे जाऊ लागली. ही आपल्या पोथ्यांची पुष्पिकाच होय. फरक इतकाच की आपला लेखक बहुधा शक, तिथी, गाव लिहून आपल्या दोषांबद्दल क्षमा मागतो, पण कोणत्या प्रतीवरून नक्कल केली ते सांगावयास विसरतो; फीतकरी क्षमा मागत नाही, परंतु मूळ प्रत सांगण्यास चुकत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांच्यापुढे कोणकोणत्या प्रती होत्या याची अशी एक ओळ जर लाभली असती तर आपल्या कितीतरी वादांना विषयच उरला नसता.

येथे स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. प्रबंधासाठी बोलीभाषेची क्षेत्रपाहणी करताना प्रस्तुत लेखकाने कॅसेटींवर काही तासांचे संभाषण मुद्रित केले होते. पुढे त्यांच्या प्रती केल्या, त्या संगणकावर घेतल्या, मूळ कॅसेटी घरबदलात हलल्या. आज माझ्यापाशी एकाच आजीबाईंच्या कथनाच्या तीन प्रती आहेत. त्यांतील एक किंचित जलद आहे, आणि मूळ गती कोणती याची नोंद मी केलेली नाही. स्वरांच्या दीर्घत्वाविषयी मी प्रबंधात मांडलेली मोजमापे कोणत्या प्रतीवरून घेतली हे आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही. वाहनतळावर सदरे विकणाऱ्या तरुणांनी जी शिस्त पाळली ती एका संशोधकास पाळता आली नाही. महाराष्ट्रात खाजगी घरांतून ज्या मैफलींच्या स्पूल व कॅसेटी पडून आहेत त्यांपैकी काही ऐकण्याचा योग मला आला. वेष्टनावर रागाचे नाव, फार तर गायकाचे आडनाव. ज्यांनी त्या भरल्या त्यांना सारे तोंडपाठ होते, म्हणून लिहिण्याची गरज भासली नाही. ती माणसे आता एकामागून एक जात आहेत.

फीतकऱ्यांच्या या नोंदी विश्वसनीय असल्या तरी त्यांच्या आवडीनिवडी तशाच विश्वसनीय मानण्याचे कारण नाही. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला जलसा हा वृंदाचा सर्वश्रेष्ठ जलसा, असे मत चाहत्यांत दीर्घकाळ प्रचलित आहे. जलसा उत्तम आहे यात शंका नाही. परंतु आदल्या दिवशीचा बॉस्टनचा आणि दुसऱ्या दिवशीचा बफेलोचा जलसा त्याहून फार उणे आहेत असे तिन्ही लक्षपूर्वक ऐकणारा सहसा म्हणणार नाही. कॉर्नेलच्या कीर्तीचा उगम शोधू गेल्यास आपण पुन्हा प्रतीपाशीच येतो. ते मुद्रण हौशी नव्हते. वृंदाची ध्वनितज्ज्ञ बेटी कॅन्टर-जॅक्सन हिने ते केले होते, आणि तिच्या कामाची स्वच्छता व समतोल अजोड आहे. तिच्या फिती एका भाड्याच्या गोदामात होत्या. भाडे थकल्यामुळे १९८६ साली त्यांचा लिलाव झाला, त्या परक्या हाती गेल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतील अनेकांच्या निर्मळ प्रती फीतकऱ्यांच्या वृक्षांवरून सर्वत्र पोचल्या. जे सर्वांपाशी होते, आणि चांगल्या प्रतीत होते, ते थोर ठरले. ज्या रात्रींची केवळ मागच्या रांगेतून घेतलेली चौथ्या-पाचव्या पिढीची घरघरती कॅसेट उरली, त्या रात्री कितीही चांगल्या असोत, त्यांना वकील मिळाला नाही. अभिजात ठरण्याची प्रक्रिया साहित्यात अशीच चालते असा संशय आपण घेतो. येथे ती पन्नास वर्षांच्या आत, साक्षीपुराव्यासह पाहावयास मिळते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीच्या २०११ सालच्या यादीत हे मुद्रण समाविष्ट केले, त्यामुळे लोकमतावर शासकीय मोहोरही उमटली.

मुद्रणाच्या दोन प्रकारांतील हा भेद पुढे हक्काच्या वादातही उतरला. २००५ च्या नोव्हेंबरात वृंदाच्या वतीने इंटरनेट आर्काइव्हवरील मुद्रणे उतरवून घेण्याची सोय बंद करण्यात आली. चाहत्यांनी मोठा गहजब केला. थोड्याच दिवसांत तडजोड झाली ती अशी की श्रोत्यांनी सभागृहात केलेली मुद्रणे पूर्ववत उतरवून घेता यावीत, ध्वनिफलकावरून घेतलेली मात्र तेथल्या तेथे ऐकता यावीत. तीन अक्षरी संकेतांचा जो भेद केवळ प्रतीचा दर्जा सांगण्यासाठी निघाला होता, तोच आता मालकी सांगू लागला. श्रोत्याने स्वतःच्या कष्टाने आणलेले ते श्रोत्यांचे, यंत्राच्या तारेतून आलेले ते वृंदाचे. न्यायाच्या दृष्टीने ही विभागणी अगदीच वाईट नाही, असे माझे मत आहे. मात्र ती संकेतांच्या आयत्या वर्गीकरणावर उभी राहिली हे विसरू नये.

तोपर्यंत पिढीचा प्रश्नच बदललेला होता. अंकीय फीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, आणि तीवरून केलेली शंभरावी प्रतही पहिलीसारखीच राहू लागली. दोष नाहीत म्हणजे दोषांवरून ओळखही नाही. म्हणून इ-ट्रीवर धारिकेबरोबर तिच्या बिटांवरून काढलेला एक गणिती अंक देण्याची पद्धत आली. धारिकेत एक बिट जरी बदलला तरी अंक बदलतो. प्रत शुद्ध आहे हे त्यावरून कळते, पण ती कशाची प्रत आहे हे मात्र अजूनही कोणीतरी लिहून ठेवल्यावाचून कळत नाही.

कॉर्नेलच्या मूळ फिती यथावकाश वृंदाच्या संग्रहात परत आल्या आणि २०१७ च्या मे महिन्यात तो जलसा अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षे ज्यांनी तो प्रतींच्या प्रतींवरून ऐकला होता त्यांच्या हाती प्रथमच मुळाजवळचा पाठ आला. आणि तोही संपादित होता. मुद्रणाच्या वेळी फितीवर एक अतिउच्च कंपनसंख्येची लहर उमटते. ती कानाला ऐकू येत नाही. फितीच्या गतीतील चढउतार या लहरीत जसेच्या तसे नोंदले जातात. संपादकांनी प्लँजंट प्रोसेसेस या पद्धतीने ती लहर वाचली आणि तिच्या आधारे प्रत्येक क्षणाची गती दुरुस्त करून घेतली.